संगणकाला माणसाची भाषा शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

शास्त्राच्या क्षेत्रात नाव मिळवणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही जण नवी वस्तू शोधून काढतात. काही जण ती वस्तू चारचौघांच्या हाती देण्याजोगी करतात, ती सगळीकडे सारखीच चालेल याची काळजी घेतात आणि तिच्यात खोट आहे की नाही हे पारखण्याची रीत घालून देतात. पहिल्या प्रकारच्या माणसांची नावे आपल्याला शाळेपासून पाठ असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे काम मात्र इतके अंगवळणी पडते, की त्यामागे कोणी माणूस होते याचाच विसर पडतो. गणितातील विदुषी आणि अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी डॉ. ग्रेस हॉपर या दोन्ही प्रकारांत बसतात. परंतु त्यांचे खरे मोठेपण दुसऱ्या प्रकारात आहे, असे त्यांचे चरित्र वाचताना पदोपदी वाटत राहते.

संगणकाविषयी लेख, आणि तो कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण हॉपरबाईंची सारी झुंज भाषेसाठी होती. यंत्राशी कोणत्या भाषेत बोलावे, ती भाषा कोणाला यावी आणि एका यंत्राला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या यंत्रालाही तशीच कळेल कशी, हे त्यांच्या आयुष्याचे प्रश्न होते. हे प्रश्न काही केवळ विज्ञान शाखेचे नव्हेत.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहावे म्हणून या मुलीने ते खोलून ठेवले. पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे खोलले, मग तिसरे. घरातली सात घड्याळे अशी सुटी झाल्यावर आईच्या लक्षात आले. तिने मुलीला फार रागे भरले नाही. यापुढे एकच घड्याळ खोलायचे, एवढाच नियम तिने घालून दिला. पुढे वडिलांचे दोन्ही पाय आजारामुळे कापावे लागले. अशा स्थितीतही मुलाइतकेच मुलींनीही शिकावे, आपल्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह कायम राहिला.

सोळाव्या वर्षी व्हॅसर कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा लॅटिनमध्ये गुण कमी पडले म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. एक वर्ष थांबून त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि १९२४ साली दाखल झाल्या. १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून १९३० साली एम.ए. व १९३४ साली गणितात पीएच.डी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण हॉपर हे नाव त्यांनी शेवटपर्यंत ठेवले. दरम्यान १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच गणित शिकवू लागल्या होत्या. नोकरी चांगली होती, मान होता. तेथेच त्या निवृत्त झाल्या असत्या, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपरबाईंच्या आईकडील पणजोबा नौदलात ॲडमिरल होते. त्यांनीही नौदलातच जायचे ठरवले. अडचणी पुष्कळ होत्या. वय अधिक होते. वजन किमान १२० पौंड हवे, ते १५ पौंडांनी कमी भरत होते. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांनी शिकवण्याचेच काम करावे, असे सरकारचे धोरण होते. त्यांनी खटपट करून सवलत मिळवली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलातील महिला विभागात त्या भरती झाल्या. सदतीस वर्षांच्या या प्राध्यापिकेने आपल्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुलींबरोबर कवायत केली आणि प्रशिक्षणात पहिला क्रमांक पटकावला.

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड आयकेन यांचे मार्क १ हे प्रचंड गणकयंत्र होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन! एका सेकंदात ते तीन बेरजा करी. आजच्या मानाने हा वेग हास्यास्पद वाटेल, पण त्या काळी ही मोठी नवलाई होती. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून यंत्र आज्ञा घेत असे. कोणत्या आज्ञेसाठी कोठे भोक पाडायचे हे ठरवण्याचे काम हॉपरबाईंकडे आले. असे काम करणाऱ्या रिचर्ड ब्लॉक व रॉबर्ट कॅम्पबेल यांच्यानंतरच्या त्या तिसऱ्या. तोफांचे नेम, सुरुंग, नौकांची बांधणी अशी युद्धाची गणिते रात्रंदिवस चालत. या यंत्राची ५६१ पानांची माहितीपुस्तिका मुख्यतः त्यांनीच सिद्ध केली. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

याच काळातली एक लहानशी सवय पुढे फार मोलाची ठरली. एखादे गणित, समजा वर्गमूळ काढण्याचे, एकदा यंत्रावर बरोबर चालले की हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी ते आपल्या वहीत उतरवून ठेवत. दुसऱ्याला गरज पडली की तो वही मागून घेई आणि तेवढा तुकडा आपल्या कामात उतरवी. प्रत्येकाने चूल वेगळी मांडण्यापेक्षा पारखलेली गोष्ट एकमेकांना देणे बरे, एवढाच साधा विचार त्यामागे होता.

हार्वर्डमधला एक प्रसंग जगभर सांगितला जातो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क २ हे यंत्र बंद पडले. शोधाशोध केल्यावर आतल्या एका विद्युत-कळीत, म्हणजे रिलेत, एक पतंग अडकून मेलेला सापडला. सहकाऱ्यांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली विनोदाने नोंद केली. यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत किडा म्हणण्याची रीत एडिसनच्या काळापासूनची आहे, त्यामुळे तो शब्द येथे जन्मला असे म्हणता येत नाही. तो पतंगही हॉपरबाईंनी स्वतः शोधला नव्हता. पण ही हकीकत त्या पुढे इतक्या रंगवून सांगत, की ती त्यांच्याच नावावर जमा झाली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला या प्रसंगातली गंमत पतंगापेक्षा वहीत वाटते. दोष सापडला, तो काढला आणि पुढच्या माणसाला कळावे म्हणून लिहून ठेवला.

युद्ध संपले. हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळण्याची आशा नव्हती. १९४९ साली त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. वय त्रेचाळीसच्या घरात, संसार मोडलेला आणि कंपनी नवी व कर्जबाजारी. या सुमारास त्यांना दारूचे व्यसन जडले होते, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मित्रांनी त्यांना सावरले आणि त्या कामात बुडून गेल्या. थोरांच्या चरित्रातली अशी पाने झाकून ठेवू नयेत. पडून उठणे हेही त्या चरित्रातच येते.

या कंपनीत एका यंत्रासाठी त्यांना आठ अंकांच्या पद्धतीत हिशेब शिकावा लागला. या पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नसतात, सातानंतर एकदम दहा लिहितात. हळूहळू ही पद्धत इतकी अंगात मुरली, की बँकेच्या खात्याचा मेळ बसेना. पेढीवर काम करणाऱ्या त्यांच्या भावाने पासबुक तपासले, तेव्हा बाई घरच्या खात्याची वजाबाकीही आठाच्या पद्धतीत करत होत्या असे आढळले! हसण्यासारखी गोष्ट खरी, पण त्यांनी तिच्यातून मोठा धडा घेतला. यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आपली मोजणी बदलायची, की माणसाच्या सोयीसाठी यंत्राने बदलायचे? त्यांनी दुसरा पक्ष घेतला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही.

१९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीने विकत घेतली. १९५१ पासून तिचे युनिव्हॅक हे संगणक ग्राहकांना मिळू लागले. प्रोग्राम लिहिणारी माणसे मात्र अजून वहीतले तुकडे हातानेच उतरवून घेत. त्यात दोन प्रकारच्या चुका होत. एक तर नक्कल करताना हात चुके. घाईत लिहिलेले इंग्रजी बी हे अक्षर तेरा या आकड्यासारखे दिसे. दुसरे म्हणजे वहीतला प्रत्येक तुकडा शून्य क्रमांकाच्या ओळीपासून लिहिलेला असे. तो नव्या कामात मध्येच बसवायचा म्हणजे त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ठराविक आकडा मिळवावा लागे, आणि तेथे बेरीज चुके. हॉपरबाईंच्या मनात आले, की न कंटाळता नक्कल करणे आणि न चुकता बेरीज करणे, यासाठीच तर हे यंत्र आहे. मग हे काम माणूस का करतो?

यातूनच १९५१-५२ मध्ये ए-० या नावाचा प्रोग्राम तयार झाला. पारखलेले सगळे तुकडे चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. माणसाने कागदावर केवळ क्रमांक लिहायचे: अमुक तुकडा घे, त्याला हे आकडे दे, उत्तर तेथे ठेव. मग यंत्र फितीवरून ते तुकडे शोधून काढी, एकापुढे एक मांडी, पत्ते दुरुस्त करी आणि सबंध प्रोग्राम हाती देई. तुकडे गोळा करून संकलन करायचे म्हणून त्यांनी याला कंपायलर, म्हणजे संकलक, असे नाव दिले. आजच्या अर्थाने कंपायलर म्हणजे एका भाषेतून यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा. ए-० हा त्यापेक्षा तुकडे जुळवून देणारा अधिक होता, असे जाणकार म्हणतात. पण यंत्रानेच यंत्रासाठी प्रोग्राम बनवावा, ही दिशा त्याने दाखवली. मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी यावर निबंध वाचला.

यातली एक युक्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रोग्राममध्ये कधी मागच्या ओळीकडे उडी मारायची असते, कधी पुढच्या. मागची ओळ कोठे आहे हे ठाऊक असते. पण पुढची ओळ अजून मांडलेलीच नसते, मग तिचा पत्ता देणार कसा? हॉपरबाई कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळत. त्या काळच्या मुलींच्या नियमांप्रमाणे चेंडू आपटत फार पुढे जाता येत नसे. पुढे जायचे तर चेंडू जोडीदारणीकडे टाकायचा, आपण पुढे धावायचे आणि तिने तो पुन्हा आपल्याकडे टाकायचा. हीच युक्ती त्यांनी वापरली. स्मृतीच्या शेवटी थोडी जागा राखून ठेवली. पुढची उडी असली की तेवढ्यापुरती त्या राखीव जागेकडे टाकायची, आणि खरी ओळ मांडली गेली की तिचा पत्ता त्या जागेत लिहून ठेवायचा. मैदानावर शिकलेली गोष्ट अशी गणकयंत्रात उपयोगी पडली!

एवढे झाल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. संगणक केवळ हिशेब करतो, तो प्रोग्राम लिहू शकत नाही, असे त्यांना सांगण्यात येई. चालता कंपायलर समोर असूनही पुष्कळ जण त्याला हात लावायला तयार नव्हते. वादविवादात शक्ती घालवण्याऐवजी बाईंनी वेगळाच मार्ग धरला. १९५३ च्या अखेरीस ए-२ ही सुधारलेली आवृत्ती युनिव्हॅक घेणाऱ्या ग्राहकांना त्यातल्या सगळ्या ओळींसकट देण्यात आली. वापरून पाहा, काही सुधारणा सुचली तर आम्हांला कळवा, असे त्यांना सांगितले गेले. आज ज्याला मुक्त आज्ञावली म्हणतात, त्या चळवळीचे हे एक आरंभीचे उदाहरण मानले जाते. हत्यार बनवून आपल्या कपाटात ठेवले, तर त्याचा उपयोग एकालाच. ते नीट बांधून, सूचनांसकट दुसऱ्याच्या हाती दिले म्हणजेच त्याची परीक्षा होते, हे त्यांनी ओळखले होते.

यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते. गणितज्ञांना चिन्हे आवडतात, पण कारखान्यातला हिशेबनीस, कोठारातला कारकून, पगारपत्रक करणारा माणूस यांना ती नकोशी वाटतात. मग त्यांनी साध्या इंग्रजी वाक्यांत प्रोग्राम का लिहू नये? १९५५ च्या सुमारास त्यांनी ही कल्पना वरिष्ठांपुढे मांडली. नमुना म्हणून एक छोटा प्रोग्राम इंग्रजीत लिहिला. पुढे उत्साहाने तोच फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्येही लिहून दाखवला. यंत्राला काय, शब्द म्हणजे केवळ खुणा. कोणत्याही भाषेतल्या असोत. पण वरिष्ठ बिचकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच कळावे ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. शेवटी केवळ इंग्रजीतच काम करू, असे आश्वासन बाईंना द्यावे लागले. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा उभी राहिली.

आता अडचण वेगळी झाली. प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे आणि प्रत्येकीची भाषाही वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेला पगाराचा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर चालेना. यंत्र बदलले की वर्षानुवर्षांचे काम वाया जाई. यावर एप्रिल १९५९ मध्ये मेरी हॉज यांनी सर्वांसाठी एक समान भाषा करण्याची सूचना मांडली. २८ व २९ मे १९५९ रोजी संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या इमारतीत कंपन्या, सरकार व वापरणारे यांची बैठक भरली आणि त्यातून कोबोल ही भाषा जन्माला आली. ती एकट्या हॉपरबाईंनी केली नाही. जीन सॅमेट, बेटी होल्बर्टन इत्यादींच्या समितीने तिचा आराखडा आखला. हॉपरबाई सल्लागार होत्या. पण कोबोलची ठेवण मुख्यतः फ्लो-मॅटिकवरून घेतलेली होती. ६ व ७ डिसेंबर १९६० रोजी जवळजवळ एकच कोबोल प्रोग्राम आरसीए कंपनीच्या आणि युनिव्हॅकच्या अशा दोन अगदी भिन्न यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. एकदा लिहावे आणि कोठेही चालावे, हे स्वप्न त्या दोन दिवसांत लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने वयोमानामुळे त्यांना राखीव दलातून निवृत्त केले. पण ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावले आणि ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षे चालले! बोलावण्याचे कारण कोबोलच होते. नाव एक, पण प्रत्येक कंपनीने आपल्या पदरचे काही घातलेले, काही गाळलेले. १९६८ मध्ये राष्ट्रीय प्रमाण ठरले खरे. पण कागदावरचे प्रमाण पाळले जाते की नाही, हे पाहणार कोण?

हॉपरबाईंच्या गटाने त्यासाठी परीक्षेचे प्रोग्राम तयार केले. प्रत्येक प्रोग्राम भाषेचा एकेक नियम घेई, त्याप्रमाणे एखादी गोष्ट करून पाही आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आले की नाही ते छापी. कोणत्याही कंपनीचा कंपायलर आणा, त्यातून हा संच चालवा, म्हणजे तो कोठे घसरतो ते कळे. यात वाद घालायला जागा उरली नाही. नौदलाच्या या परीक्षांमुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या बोलीभाषा पुष्कळशा एकमेकींजवळ आल्या. पुढे १९८० नंतरच्या दशकात ही जबाबदारी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने उचलली. नवी भाषा काढल्याने कीर्ती मिळते. भाषेचा नेमका अर्थ सगळीकडे पाळला जातो का, हे तपासत बसण्याने मिळत नाही. तरीही साठी उलटलेल्या बाईंनी हे काम अंगावर घेतले.

या कामाचे महत्त्व आजच्या काळात अधिकच पटते. कपडे धुण्याच्या यंत्रात, मोटारीच्या ब्रेकमध्ये, दवाखान्यातल्या उपकरणात आता नखाएवढे संगणक बसवलेले असतात. त्यांची स्मृती इतकी थोडी, की कंपायलर त्यांत मावतच नाही. म्हणून प्रोग्राम लिहिणारा टेबलावरच्या मोठ्या संगणकापुढे बसतो. तेथला कंपायलर त्या छोट्या यंत्राच्या भाषेत आज्ञा तयार करतो आणि मग त्या आज्ञा छोट्या यंत्रात भरल्या जातात. अशा कंपायलरला क्रॉस-कंपायलर म्हणतात. सुताराच्या पेटीत करवत, रंधा आणि पटाशी एकत्र असतात, तसा कंपायलर, तुकडे जोडणारा लिंकर आणि इतर हत्यारे यांचा एक संच बांधून देतात. त्यातच प्रोग्राम न चालवता केवळ वाचून त्यातल्या चुका दाखवणारा परीक्षकही असावा लागतो. १९७८ साली बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिहिलेला लिंट हा अशा परीक्षकांतला एक प्रसिद्ध पूर्वज होय.

हा परीक्षक त्याच पेटीतला का हवा? उदाहरण घेऊ. टेबलावरच्या संगणकात साधी पूर्णांक संख्या दोनशे कोटींच्याही पुढे जाऊ शकते. एखाद्या छोट्या यंत्रात ती ३२,७६७ लाच संपते. चाळीस हजार हा आकडा टेबलावर बिनधोक मावतो, पण त्या छोट्या यंत्रात मावत नाही आणि उत्तर भलतेच येते. परीक्षकाने टेबलावरच्या यंत्राची मापे धरून तपासले, तर तो सारे ठीक आहे असे सांगेल, आणि चूक थेट ब्रेकमध्ये जाऊन बसेल. म्हणून परीक्षकाला ज्या यंत्रासाठी काम आहे त्याची मापे शिकवून मगच संचात घालावे लागते. नुसता कंपायलर देऊन भागत नाही, त्याच्याबरोबर पारखण्याचे साधनही द्यावे लागते, हा धडा हॉपरबाईंच्या परीक्षासंचाने कितीतरी आधी घालून दिला होता.

त्या उत्तम शिक्षिका होत्या, आणि नौदलाच्या गणवेशातही त्यांच्यातली शिक्षिका लपली नाही. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. एवढा अल्प काळ डोळ्यांसमोर कसा आणायचा? तेवढ्या काळात प्रकाश जितके अंतर कापतो तितक्या लांबीचे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरचे, तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटत. उपग्रहामार्फत निरोप जायला वेळ का लागतो असे एखाद्या सेनाधिकाऱ्याने विचारले, की त्या तो तुकडा दाखवून येथपासून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील याचा हिशेब करायला लावत. त्यांच्या खोलीतले घड्याळ उलटे फिरे. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, आणि उलटे फिरणारे घड्याळही वेळ बरोबरच दाखवते, हे त्यांना लोकांना पटवायचे होते.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९६९ मध्ये संगणकक्षेत्रातील एका संस्थेने त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट पुरुष हा पुरस्कार दिला. बाईला पुरुष म्हणून गौरवण्याची वेळ यावी, यातच त्या काळाची परीक्षा झाली! १९८३ मध्ये त्या कमोडोर झाल्या. १९८५ मध्ये या हुद्द्याचे नाव बदलून रिअर ॲडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनच्या बंदरात, १७९७ साली पाण्यात उतरलेल्या कॉन्स्टिट्यूशन या जुन्या लाकडी युद्धनौकेवर, एकोणऐंशीव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. तेव्हा नौदलातील सेवेत असलेल्या त्या सर्वांत वयोवृद्ध अधिकारी होत्या. घरी बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार होऊन त्या व्याख्याने देत फिरू लागल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांना लष्करी इतमामाने निरोप देण्यात आला. पुढे १९९७ मध्ये त्यांचे नाव दिलेली एक विनाशिका नौदलाच्या सेवेत दाखल झाली, आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांचा स्वातंत्र्यपदक हा बहुमान त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

कोबोलला विद्वानांनी पुष्कळ नावे ठेवली. ती फार बोलघेवडी आहे, शास्त्रशुद्ध नाही, असे म्हटले गेले. त्यात तथ्य नाही असे नाही. पण बँकांचे व विमा कंपन्यांचे कितीतरी व्यवहार आजही तिच्यावर चालतात. स्मृती वाचवण्यासाठी वर्ष दोनच अंकांत लिहिण्याची जुनी सवय २००० साल जवळ येताच अंगाशी आली. तेव्हा हे जुने प्रोग्राम दुरुस्त करण्याचे पुष्कळ काम मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांकडेही आले होते. पन्नास-साठ सालांतल्या वाक्यांची भाषा अनेक दशकांनंतर, सातासमुद्रापलीकडच्या तरुणांना वाचता आली, हेच त्या भाषेचे यश नव्हे काय?

हे चरित्र मला जवळचे का वाटले, तेही सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बँकेचा फॉर्म, सातबाराचा उतारा, औषधाच्या खोक्यावरची सूचना, सारे वाचण्यासाठी माझ्याकडे येते. शेजारच्या घरांतूनही येते. कागदात चूक नसते. पण तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या भाषेत तो लिहिलेला नसतो, आणि त्याचा अर्थ खरोखर पोचला की नाही हे कोणी पाहत नाही. अडाणीपणाचा शिक्का मात्र वाचणाऱ्यावर बसतो. हॉपरबाईंनी हा दोष माणसावर ढकलला नाही. हिशेबनिसाला यंत्राची चिन्हे येत नसतील, तर यंत्राने हिशेबनिसाची वाक्ये शिकावीत, असे त्यांनी म्हटले आणि ते करून दाखवले. एवढ्यावर न थांबता, प्रत्येक यंत्र ती वाक्ये खरोखर सारखीच समजते का, हे त्यांनी तपासले.

विज्ञान शाखेचे आपले मित्र उद्या नवी यंत्रे बनवतील. पण त्या यंत्रांनी आमच्या आई-वडिलांशी कोणत्या शब्दांत बोलावे आणि ते शब्द त्यांना नीट कळले की नाही हे कसे पारखावे, हे काम भाषा शिकणाऱ्यांचेही आहे. बाईंच्या वरिष्ठांना यंत्राने फ्रेंच बोलणे चमत्कारिक वाटले होते. बाईंच्या दृष्टीने मात्र सगळ्या भाषांतले शब्द यंत्राला सारखेच होते. त्यांत आपली मराठीही आली.